एक्सप्लेनर : जुनी कार घेताय? इंजिनाइतकेच कागदही तपासा. नाव बदलले नाही तर काय होते?

घाटनांदूर (ता. अंबाजोगाई) : सोयाबीनचे पैसे हातात आले किंवा लग्नसराई तोंडावर आली की अनेक घरांत जुन्या कारचा विषय निघतो. ओळखीचा फिटर सोबत नेला जातो, एक चक्कर मारली जाते, इसार दिला जातो आणि बाँडवर सह्या होऊन चावी हातात येते. गाडी दारात उभी राहते. पण आरसी बुकवर नाव जुन्याच मालकाचे असते. व्यवहारातील सर्वात मोठा धोका इथेच आहे.

बाँडवर सही झाली म्हणजे गाडी आपली झाली का?

नाही. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार परिवहन कार्यालयात ज्याच्या नावावर नोंदणी, तोच मालक. कलम ५० प्रमाणे राज्यांतर्गत विक्रीत विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. बोलीभाषेत यालाच 'टीटी फॉर्म' म्हणतात. कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या घेऊन तो घरात ठेवून देणे म्हणजे नाव बदलणे नव्हे.

नाव बदलले नाही तर कोण अडकते?

दोघेही. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी अशाच एका प्रकरणात निकाल दिला. कार २००७ मध्ये विकली गेली, पुढे अनेक हातांतून फिरली आणि २००९ मध्ये तिचा अपघात झाला. नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर होती. भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाचीच, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

घेणाऱ्याचे नुकसान वेगळे आहे. गाडी विकली की त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा कायद्याने नव्या मालकाकडे गेल्याचे मानले जाते. मात्र स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण हवे असेल तर १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. ते राहिले तर हप्ता भरलेला असूनही दावा फेटाळला जाऊ शकतो.

इसार देण्याआधी कोणते कागद पाहावेत?

- आरसीवरील चेसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकाशी स्वतः जुळवून पाहावेत.
- एम-परिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून नोंदणीची तारीख, इंधनाचा प्रकार, विमा आणि बोजा तपासावा. कर्ज फिटले असले तरी फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र देऊन आरसीवरील बोजा उतरवावा लागतो.
- थकीत ई-चलन आधी विकणाऱ्याकडून भरून घ्यावे.
- खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे नूतनीकरण, फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर असा खर्च येतो. बारा-तेरा वर्षांची गाडी स्वस्त वाटते, तेव्हा हा खर्चही हिशेबात धरावा.

परराज्यातील गाडी स्वस्त का पडते?

घाटनांदूरवरून जाणारी रेल्वे उदगीरमार्गे बिदरला पोहोचते. जुन्या गाड्याही अशाच सीमा ओलांडून येतात. अंबाजोगाईची पासिंग एमएच ४४, तर बिदरची केए ३८. परराज्यातील गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची तर मूळ कार्यालयाची एनओसी आणून महाराष्ट्राचा क्रमांक घ्यावा लागतो आणि गाडीच्या वयानुसार करही भरावा लागतो. भावातील फरक बऱ्याचदा इथेच संपतो.

गाडी प्रत्यक्ष कशी पाहावी?

सकाळी, उजेडात आणि इंजिन थंड असताना पाहावी. विकणाऱ्याने आधीच सुरू करून ठेवलेली गाडी थंडीत स्टार्टिंगला किती त्रास देते, ते कळत नाही. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जाळते. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर राहिला तर कूलंट आत शिरत असण्याची शक्यता असते.

मीटर मागे फिरवता येतो, म्हणून केवळ किलोमीटरवर विसंबू नये. सर्व्हिसच्या नोंदी मागाव्यात. मीटर ४० हजार दाखवतो आणि पेडलचे रबर, स्टेअरिंग गुळगुळीत झालेले असेल तर संशय घ्यावा. टायरच्या बाजूवर चार अंक असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. एखाद्याच काचेवरील वर्ष वेगळे असेल किंवा बॉनेटच्या बोल्टवर पान्याच्या खुणा असतील तर गाडी ठोकलेली आहे का, ते थेट विचारावे.

पाण्यात गेलेली गाडी कशी ओळखायची?

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने पूर आले, त्यामुळे ही तपासणी टाळू नये. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. आतल्या टोकाला मातीची रेघ असेल तर पाणी तिथवर पोहोचले होते. सीटखालचे गंजलेले बोल्ट, कार्पेटखालचा गाळ, हेडलाइटमधील ओल आणि बंद काचांच्या गाडीतला कुबट वास याही खुणा आहेत. पाणी गेलेले वायरिंग लगेच नाही, काही महिन्यांनी त्रास देऊ लागते.

डीलरकडून घेतली तर?

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन कार्यालयाचे अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावे लागते. गाडी ताब्यात घेतल्याची सूचना मूळ मालकाने पोर्टलवर दिली की तिची जबाबदारी डीलरवर येते. ते प्रमाणपत्र दाखवायला सांगावे.

पैसे कधी द्यावेत?

सगळी रक्कम एकदम देऊ नये. व्यवहाराच्या कागदात काही रक्कम नावबदल होईपर्यंत राखून ठेवल्याचे लिहावे आणि पैसे बँकेमार्फत द्यावेत. विकणारा त्याला तयार नसेल, तर घाई का आहे ते आधी विचारावे.