मस्टरबाहेरचे कौशल्य

उद्योजकांच्या बैठकांतून सध्या एक मत मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जात आहे. वाळूज-चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींतल्या लहान-मध्यम कारखान्यांत माणसे टिकत नाहीत, कारण त्यांच्याकडे टॅलेंट मॅनेजमेंटचे सॉफ्टवेअर नाही. सबब जगभर चालणारे एखादे नामांकित सॉफ्टवेअर आधी घ्यावे, कामाच्या पद्धती त्याप्रमाणे वळवाव्यात, भरती आणि बढती यंत्राच्या शिफारशीवर सोपवावी. म्हणजे वशिला संपेल आणि शेजारच्या शेंद्रा-बिडकीनच्या मोठ्या कंपन्या आपली माणसे पळवणार नाहीत. शंका काढणारा अर्थातच प्रगतीचा वैरी. एवढ्या विवेचनात पगाराचा विषय एकदाही येत नाही, ही त्यातली खरी किमया.

किरकोळ मुद्दे आधी निकालात काढू. नाव मोठे म्हणून वस्तू आहे तशीच राहील, याची हमी नाही: भरतीच्या सॉफ्टवेअरमधली टॅलिओ ही बडी कंपनी २०१२ मध्ये ओरॅकलने घेतली, तेव्हा तिच्या ग्राहकांचे मत कुणी मागितले नव्हते. यंत्र निःपक्ष असते म्हणावे, तर अमेझॉनने स्वतःसाठी बनवलेले भरतीचे यंत्र दहा वर्षांच्या जुन्या अर्जांवरून शिकले आणि बायकांचे अर्ज खाली ढकलू लागले. ही हकीकत २०१८ मध्ये बाहेर आली. कंपनीने यंत्र त्याआधीच गुंडाळले होते. वशिल्याने झालेल्या निवडी शिकवल्या तर यंत्र वशिलाच शिकेल. फरक इतकाच, की तक्रार कुणाकडे करायची ते कळणार नाही.

खरा आक्षेप वेगळा आहे. ही सॉफ्टवेअरे बहुधा माणशी दराने विकली जातात. त्यामुळे खरेदीच्या पहिल्याच बैठकीत ‘किती माणसे धरायची’ हा प्रश्न निघतो आणि उत्तर जवळपास ठरलेले असते: फक्त कायम कर्मचारी. वाळूजला १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग पुरवणाऱ्या वेंडर कारखान्यांचे जाळे विणले गेले. या जाळ्यात प्रेसवर, वेल्डिंगला, असेंब्लीच्या लाइनवर उभा असलेला माणूस पुष्कळदा कंत्राटदाराच्या मस्टरवर असतो, नाहीतर ट्रेनी किंवा अप्रेंटिस असतो. म्हणजे ज्याच्या हातात कौशल्य आहे तो यादीबाहेर, आणि यादीत मुख्यतः ऑफिसातली मंडळी. आता गंमत पाहा. त्याच कारखान्यात लाइनशेजारच्या भिंतीवर स्किल मॅट्रिक्सचा तक्ता टांगलेला असतो. नावापुढे चार भागांचे वर्तुळ, जितके काम येते तितके भाग रंगवलेले. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या २०१६ च्या मानकात कामावरच्या प्रशिक्षणाच्या कलमात कंत्राटी माणसांचा स्पष्ट समावेश आहे. या मानकाचा ऑडिटर मशीनवरच्या माणसाला काम येते का ते विचारतो, तो कुणाच्या मस्टरवर आहे ते विचारत नाही. गुणवत्तेची सर्वांत खरी नोंद भिंतीवर आधीपासून आहे. लाखो रुपये मात्र तिला वगळणाऱ्या पडद्यावर खर्च होणार.

यावर कायद्याची भीती पुढे केली जाते: कंत्राटी कामगाराचे कौशल्य आपल्या सिस्टिममध्ये नोंदवले, तर उद्या तो आपलाच कामगार ठरेल. भारतीय पोलाद प्राधिकरणाच्या (सेल) खटल्यात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कंत्राट केवळ दिखाव्याचे निघाले तर कामगार मूळ मालकाचेच मानले जातील. पण दिखावा आहे की नाही हे ठरते मुख्यतः काम कोण सांगतो आणि देखरेख कोण करतो यावरून. कॉम्प्युटरातून नाव गाळल्याने सुपरवायझरचे हुकूम पुसले जात नाहीत. ‘इकडचा माणूस टिकतच नाही’ हे पालुपदही याच घराण्यातले. अंगठ्याच्या हजेरीचे यंत्र आले तेव्हाही ते ऐकू आले होते, आणि शिस्त लागली की माणूस टिकेल असे तेव्हाही सांगितले गेले. यंत्राने माणूस किती वाजता आला ते चोख सांगितले. तो का गेला, हे त्याला कुणी विचारलेच नव्हते. कायद्याने सलग नोकरी धरायला लागणारे २४० दिवस भरण्याआधी माणसाला ब्रेक द्यायचा आणि मग तो टिकत नाही म्हणून हळहळायचे, या दुखण्यावर कोणते सॉफ्टवेअर चालते, हे पुरस्कर्त्यांनी एकदा सांगावे.

मग घ्यावे काय? भिंतीवरचा तक्ता ज्यात जसाच्या तसा उतरेल, कंत्राटी नावांसह, मराठीत, सुपरवायझरच्या मोबाइलवर चालेल, ते. शंभर-दीडशे माणसांच्या कारखान्याला कदाचित साधी एक्सेल पुरेल. करार संपल्यावर आपली नोंद आपल्याला परत मिळते का, हे आधी लिहून घ्यावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माणसाने संमतीने दिलेली स्वतःची माहिती पाहण्याच्या आणि दुरुस्त करून घेण्याच्या हक्काची तरतूद आहे, तिच्यातून कंत्राटी माणूस वगळलेला नाही. शिकलेल्या कामाचा दाखला जाताना त्याच्या हाती पडावा. आणि डेमोला एचआर मॅनेजरऐवजी रात्रपाळीचा सुपरवायझर बसवावा. त्याने विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: आज प्रेसचा ऑपरेटर आला नाही, तर त्या मशीनवर कुणाला उभे करू? पडद्यावर नाव निघाले नाही, तर चेक तूर्त खिशातच राहू द्यावा.