इच्छाशक्तीच्या नावानं चांगभलं!

व्हेप सोडायला निघालेल्या माणसाला आपल्याकडे दोन गोष्टी अगदी फुकट मिळतात. एक थट्टा आणि दुसरा सल्ला. थट्टा ठरलेली: "तो आंब्याच्या वासाचा पेनड्राइव्ह? त्याचं कसलं आलंय डोंबलाचं व्यसन!" सल्लाही ठरलेला: "मनावर घे रे, इच्छाशक्ती पाहिजे माणसाला." सांगणाऱ्याचं काय जातं म्हणा. चहाचा घोट घेता घेता बोलून मोकळा. (तोच चहा सकाळी दहाला मिळाला नाही तर ह्याचं डोकं धरतं, ते सोडा.)

माझं म्हणणं सरळ आहे. निकोटीन सोडल्यावर होणारा त्रास ही शरीराची ठरावीक मुदतीची कुरकुर आहे आणि तिची तयारी करता येते. ज्याला आपण 'मनाचा कच्चा' म्हणतो, तो बहुतेक वेळा तयारीशिवाय मैदानात ढकललेला माणूस असतो.

आधी त्या 'पेनड्राइव्ह'बद्दल. सिगरेट निदान संपते राव! खाली जावं लागतं, पेटवावी लागते, पाच-सात मिनिटांत थोटूक उरतं. दिवसाकाठी किती झाल्या, मोजता येतं. व्हेपला शेवटच नाही. गादीवर, बाथरूममध्ये, कॉलवर कॅमेरा बंद करून, बिल्ड चालू असताना... एकेक झुरका. किती झाले, कोण मोजतंय? त्यात निकोटीन सॉल्टची करामत. साधं निकोटीन जास्त प्रमाणात ओढलं तर घशाला झोंबतं. त्यात बेन्झॉइक अ‍ॅसिडसारखं आम्ल मिसळलं की ते मवाळ होतं, आणि मग वाटेल तेवढं आत जातं. युरोपियन युनियनमध्ये एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. अमेरिकेत २०१५ मध्ये आलेल्या ज्यूलच्या ५ टक्केवाल्या पॉडमध्ये ते सुमारे ५९ मिलिग्रॅम होतं. आपल्याकडे चोरून येणाऱ्या मालात किती असतं, हे त्या विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

आता त्रासाचं वेळापत्रक बघा. हो, वेळापत्रकच. रक्तातलं निकोटीन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं, त्यामुळे काही तासांतच बेचैनी सुरू होते. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड, उदासी, झोपेचं खोबरं, सारखी भूक, आणि आपल्या धंद्यात सगळ्यात महाग पडणारी गोष्ट म्हणजे एकाग्रता गायब. एकच फंक्शन चारदा वाचायचं आणि पाचव्यांदा पहिल्यापासून. तीन-चार आठवड्यांत यातलं बरंचसं ओसरतं. तलफेची एकेक लाट तर काही मिनिटांचीच असते.

पण हे वेळापत्रक त्या माणसाच्या हातात कोणी दिलेलंच नसतं. तिसऱ्या दिवशी त्याला वाटतं, आता जन्मभर हे असंच राहणार. मग तो एक झुरका घेतो आणि निष्कर्ष काढतो की 'आपल्याच्याने होत नाही'. माझा खरा राग इथे आहे. व्यसन परत लागलं हे वाईटच, पण आपण नालायक आहोत ही खात्री पटली की माणूस पुढचा प्रयत्नच करत नाही.

"पण आमच्या काकांनी तीस वर्षांची सिगरेट एका रात्रीत सोडली!" सोडली असेल, काकांना नमस्कार. ज्या काकांना जमलं नाही, ते लग्नाच्या पंगतीत किस्से सांगत बसत नाहीत, एवढाच फरक. समुपदेशन आणि औषध यांची जोड मिळाली की सोडण्याची शक्यता वाढते, हे सिगरेटवरच्या चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसलंय. व्हेपवरचं संशोधन अजून कोवळं आहे, पण निकोटीन तेच आहे ना?

आणि सरकार? १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम आला, त्याच डिसेंबरात कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात, सगळं बंद. बंदीला माझा विरोध नाही. पण गंमत बघा. कायदेशीर सिगरेटच्या पाकिटावर २०१८ पासून 'आजच सोडा'सोबत १८००-११-२३५६ हा फुकट मदतीचा नंबर छापलेला असतो. व्हेपला कायदेशीर पाकीटच नाही, मग नंबर छापणार कुठे? ज्याच्यावर बंदी नाही ते ओढणाऱ्याच्या खिशात मदतीचा पत्ता, आणि ज्याच्यावर बंदी आहे ते ओढणारा वाऱ्यावर! वर बेकायदेशीर म्हणून घरी सांगत नाही, डॉक्टरलाही सांगत नाही.

तर मंडळी, नुसती चिडचिड करून काय उपयोग? कामाचं बोलू.

रिलीजच्या आठवड्यात सोडू नका. गुरुवारी सोडा, म्हणजे तो नतद्रष्ट तिसरा दिवस शनिवारी पडेल. यंत्र, पॉड, चार्जर सगळं घराबाहेर. 'इमर्जन्सीसाठी एक' हा प्रकार नाही. तलफ आली की जिन्याने खाली जाऊन वर या, तेवढ्यात लाट उतरते. व्हेपऐवजी सिगरेट हा तर शुद्ध गाढवपणा. निकोटीनचा गम घेणार असाल तर तो च्युइंगमसारखा चघळत बसू नका. हळू चावायचा, तोंडात चुरचुरलं की गालात दाबून ठेवायचा, चुरचुर थांबली की पुन्हा चावायचा. आणि त्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी-कोल्ड्रिंक नाही, नाहीतर निकोटीन नीट शोषलंच जात नाही. "गम घेतला, काही फरक नाही" म्हणणाऱ्या निम्म्या लोकांनी तो कॉफीसोबत खाल्लेला असतो, पैज लावतो! डॉक्टरकडे जाऊन खरं काय ते सांगा. ते पोलिसात देत नाहीत. चिठ्ठीवर मिळणारी व्हॅरेनिक्लीनसारखी गोळी तुम्हाला चालेल का, हेही तेच सांगतील. आणि तो वरचा नंबर बिनधास्त फिरवा. २०१८ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही त्याचं केंद्र सुरू झालंय.

उरलेल्यांसाठी, म्हणजे मित्र, रूममेट आणि मॅनेजर लोकांसाठी, एकच विनंती. समोरचा दोन दिवस खेकसला तर मनावर घेऊ नका. त्याला बाल्कनीत 'फक्त कंपनी द्यायला' बोलावू नका. आणि तेवढं ते इच्छाशक्तीचं कीर्तन बंद करा. काही बोलायचंच असेल तर "आज कितवा दिवस?" एवढं विचारा. त्याने "तिसरा" म्हटलं, तर त्याचा कोड रिव्ह्यू सोमवारी ठेवा.