नियम मोडणाऱ्याचा हप्ता कोण भरतो?

गंगापूर रोडवर वीस वर्षे मोटार चालवून एकदाही सिग्नल न तोडलेला निवृत्त शिक्षक आणि मद्यप्राशन करून गाडी हाकताना दोनदा पकडला गेलेला धनिकपुत्र हे दोघे सक्तीचा तृतीय पक्ष विमा घेण्यास गेले, तर दोघांना एकच दर लागतो. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांनुसार 1000 ते 1500 सी.सी. इंजिनाच्या खासगी मोटारीस वर्षाला 3,416 रुपये. हा दर शासन ठरवते, आणि तो इंजिनाच्या क्षमतेवरून. स्टीअरिंगवर सज्जन बसला आहे की उन्मत्त, हा प्रश्नच कोणी विचारत नाही.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यातही गाडीची किंमत, तिचे वय आणि नोंदणीचे शहर पाहण्याची रीत आहे. जुन्या दरपत्रकात मुंबई-पुणे ‘अ’ विभागात, तर नाशिक ‘ब’ विभागात. म्हणजे गाडी एम.एच. 12 की एम.एच. 15 याची चौकशी होई. चालकाच्या चारित्र्याची नाही. 20 ते 50 टक्क्यांचा ‘नो क्लेम बोनस’ मिळतो, पण तो दावा न केल्याबद्दल, नियम पाळल्याबद्दल नव्हे. एखाद्याला धडक देऊन पळालेला आणि स्वतःच्या गाडीचा पत्रा गुपचूप ठोकून घेतलेला महाभागही त्यास पात्र ठरतो!

नुकसानभरपाईचा पैसा आकाशातून पडत नाही. तो तुमच्या-आमच्या हप्त्यांतून येतो. चालकाचा परवाना बनावट निघाला तरी अपघातग्रस्ताला आधी विमा कंपनीने भरपाई द्यावी आणि मग योग्य प्रकरणी ती मालकाकडून वसूल करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये स्वर्णसिंग प्रकरणात सांगितले. ते योग्यच होते. 8 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे नाशिकच्या औरंगाबाद रोडवर बस पेटून 12 जणांचा बळी गेला. अशा प्रसंगी उघड्यावर पडणाऱ्या कुटुंबांना भरपाई मिळायलाच हवी. म्हणूनच बेदरकार चालकाला विमा नाकारा, असे आम्ही म्हणत नाही. विम्याविना फिरणारी त्याची गाडी तर अधिकच घातक. त्याला विमा द्या, पण त्याच्या जोखमीचे मोल त्याच्याकडूनच घ्या.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात 1988 च्या जनमतकौलाने मोटार विम्याचा दर ठरवताना चालकाच्या आचरणाला पहिले स्थान मिळाले. मद्यपी चालकाला परवाना परत हवा असेल, तर विमा असल्याचे कंपनीचे प्रमाणपत्र द्यावे लागते आणि हप्ता काही वर्षे चढाच राहतो. तेथे शिस्तीत वागणारा आपलाच मराठी अभियंता सुट्टीत नाशिकला आला की द्वारका चौकात उलट दिशेने गाडी घालायला कचरत नाही. माणूस तोच असतो. इथे खिशाला झळ बसत नाही, एवढाच काय तो फरक!

आपल्याकडे हा विचार कोणाला सुचलाच नाही, असेही नाही. जानेवारी 2021 मध्ये विमा नियामकाच्या कार्यगटाने वाहतूक नियमभंगासाठी वेगळा हप्ता सुचवला होता. मद्यपान करून गाडी चालवल्यास 100 गुण, चुकीच्या पार्किंगला 10 गुण, आणि गुणांवरून आकारणी. प्रयोग प्रथम दिल्ली परिसरात करायचा होता. 2024 मध्ये दिल्लीच्या नायब राज्यपालांना हीच मागणी केंद्रीय अर्थमंत्र्यांकडे पत्राने करावी लागली, यावरून त्या अहवालाचे काय झाले ते वाचकांनी समजून घ्यावे. नाशिकमध्ये 15 ऑगस्ट 2021 पासून ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ मोहीम सुरू झाली. शिस्त लावण्याचे ओझे आले ते पंपावरच्या पोरावर! वर्षाकाठी हप्ता वसूल करणाऱ्या कंपनीला मात्र कोणी विचारले नाही.

ई-चलान गाडीच्या क्रमांकावर निघते, मग भलत्यालाच भुर्दंड पडेल, अशी हरकत घेतली जाते. तीत तथ्य आहे. बनावट क्रमांकपट्ट्यांचे प्रकारही घडतात. म्हणून कॅमेऱ्याने टिपलेली प्रत्येक किरकोळ चूक हप्त्याला जोडू नये. मद्यपान, धोकादायक वेग, परवान्याविना चालवणे असे गुन्हे सिद्ध झाल्यावरच ते विचारात घ्यावेत, आणि तक्रारीला मुदत द्यावी. पण किल्ली दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या मालकाने अंग झटकू नये. अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकाला व वाहनमालकाला जबाबदार धरणारी तरतूद 2019 च्या दुरुस्तीने केलीच आहे. परवान्यांची ‘सारथी’ आणि वाहनांची ‘वाहन’ या दोन्ही नोंदवह्या एकाच मंत्रालयाच्या आहेत. विमा नूतनीकरणाच्या वेळी त्या उघडून पाहणे कंपन्यांना बंधनकारक करावे, आणि सिद्ध गुन्ह्याचा जादा हप्ता किमान तीन वर्षे चालू ठेवावा.