कुलवधू रंगमंचावर

मुलीचा गळा गोड असला की घरात केवढे कौतुक! पाहुणे आले की तिला पेटीपाशी बसवायचे, हळदीकुंकवाला दोन पदे म्हणायला लावायची. पण तीच मुलगी “मी नाटकात जाते” म्हणाली की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या. दिवाळी आली, नाटकांचे दिवस आले की मला या आपल्या खोडीची आठवण होते आणि तिच्यापाठोपाठ ज्योत्स्नाबाई भोळ्यांची.

बाईंचा जन्म १९१४ चा, गोव्यातल्या बांदिवड्याचा. माहेरच्या त्या दुर्गा केळेकर. लहानपणीच गाण्यासाठी मुंबईस आल्या आणि पुढे संगीतकार केशवराव भोळ्यांच्या घरी सून म्हणून गेल्या. १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’चे ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आले. नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी ते बेतले होते. वधूच्या चारित्र्याची चौकशी करता, मग वराच्या का नको, असा त्यातला रोकडा सवाल! एकोणीस वर्षांच्या ज्योत्स्नाबाई त्यात बिंबा झाल्या.

स्त्रीचे सोंग पुरुषाने घ्यायचे, हा तेव्हाचा शिरस्ता. बालगंधर्वांनी तर त्याचे वैभव केले. हिराबाई बडोदेकरांनी थोडे आधी ही वाट मोकळी केली होती, तरी अजून ती रुळलेली नव्हती. शिवाय जुन्या संगीत नाटकात ‘वन्समोअर’ घेत पदे लांबत आणि कथानक बिचारे ताटकळत उभे राहत असे. केशवरावांनी इथे पदे मोजकी ठेवली, आटोपशीर केली, प्रसंगाला धरून बांधली. म्हणजे नटीला गाण्याआड लपायची सोय उरली नाही!

१९४२ साली मो. ग. रांगणेकरांचे ‘कुलवधू’ आले. त्यातली भानुमती सिनेमात नाव काढते, नवऱ्याचा अहंकार दुखावतो आणि शेवटी ती घर सोडते. इब्सेनच्या नोराची ही मराठी बहीणच म्हणा. मास्टर कृष्णरावांच्या चाली आणि ज्योत्स्नाबाईंचा गळा यांनी नाटक घरोघर पोचवले. सुनेला उंबऱ्याआड ठेवणारी मंडळी तिकिटे काढून भानुमतीची बाजू ऐकून आली, याची मला मोठी गंमत वाटते. २००१ साली बाई गेल्या. भानुमतीचा प्रश्न मात्र मागे राहिला.

ही पुण्यामुंबईची गोष्ट झाली, असे म्हणाल, तर भंडारा जिल्ह्यातल्या बपेऱ्याच्या मुलखाकडे वळू या. ही झाडीपट्टी. इथे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि रात्र रात्र नाटके रंगतात. तिथल्या जुन्या दंडारीत बाईचे सोंग पुरुषच घेत. आता झाडीच्या नाटकांत नट्या काम करतात, गातात. पहाटे पडदा पडला की प्रेक्षक घरी जाऊन निजतात. तिला मात्र पुढच्या गावचा प्रयोग गाठायचा असतो. केशवरावांसारखा जोडीदार प्रत्येकीच्या वाट्याला थोडाच येतो?

परवा आमच्या भाचीने नाटकात जायचा विषय काढला, तेव्हा घरात साहजिकच खल झाला. मी एवढेच म्हटले, “तालीम कोण घेणार, मोबदला किती आणि रात्री घरी पोचवणार कोण, हे नीट विचारून घ्या. लोक काय म्हणतील, ते लोकांवर सोडा.” वाचकहो, तुमच्या घरी हा विषय निघाला, तर तुम्ही काय विचाराल?