दम कशाचा, ते तालुक्यातच कळू द्या

"डॉक्टर, दम लागायलाय." फुलंब्री, वडोद बाजार, आळंद या पट्ट्यातल्या कुठल्याही दवाखान्यात ही तक्रार रोजची. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या साठीच्या बाईला दम लागला, की दम्याचा पंप मिळतो, नाहीतर रक्तवाढीच्या गोळ्या. दोन्ही निदानं खरी असू शकतात. पण ती रात्री आडवी झाली की गुदमरते, म्हणून भिंतीला टेकून बसूनच झोपते. संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुततो, नडगीवर बोट दाबलं की खळगा राहतो. हे कुणी विचारतच नाही. हृदयाचा पंप दुबळा पडला, म्हणजे हार्ट फेल्युअर झालं, की असं होतं.

खात्रीसाठी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी लागते. म्हणजे जळगाव रस्त्यानं शहर गाठा, घाटीच्या सरकारी रुग्णालयात नंबर लावा किंवा खासगीत पैसे मोजा. तिचा रोज बुडतो, सोबत येणाऱ्याचाही. नेमकं कुणाला पाठवायचं, हे तालुक्यातच ठरलं तर ही पायपीट वाचेल. त्यासाठी रक्ताची एक चाचणी आहे: एनटी-प्रोबीएनपी.

हृदयाच्या भिंतींवर ताण आला, की तिथले स्नायू एक प्रथिन सोडतात. त्याचे दोन तुकडे होतात. बीएनपी हा तुकडा शरीरातलं जादा मीठ-पाणी लघवीवाटे बाहेर काढायला लावतो. 1988 मध्ये जपानी शास्त्रज्ञांना तो आधी डुकराच्या मेंदूत सापडला होता. दुसरा तुकडा, एनटी-प्रोबीएनपी, रक्तात जास्त वेळ टिकतो, म्हणून मोजायला सोयीचा. अचानक दम लागलेल्या रुग्णात तो मिलिलिटरला 300 पिकोग्रॅमपेक्षा कमी असेल, तर हार्ट फेल्युअरची शक्यता फार कमी. हळूहळू त्रास वाढत गेलेल्यांसाठी ही रेषा 125 ची.

घोटाळा होतो तो आकडा वाढलेला असला की. वय, मूत्रपिंडाचा आजार, अनियमित ठोके यांनीही तो चढतो, आणि लठ्ठ माणसात आजार असूनही कमी दिसतो. म्हणून तातडीच्या रुग्णांत निदानाच्या रेषा वयानुसार केल्या आहेत: पन्नाशीच्या आत 450, पंचाहत्तरीपर्यंत 900, त्यापुढे 1800. एडिंबराच्या संशोधकांनी 2022 मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. वय, मूत्रपिंडाचं काम, आधीचे आजार हे सगळं आकड्यासोबत मांडून प्रत्येक रुग्णाची शक्यता काढायची. मला हीच दिशा योग्य वाटते.

पण ही गणितं प्रामुख्यानं परदेशातल्या रुग्णांवर बसवलेली आहेत. तिरुवनंतपुरमच्या नोंदवहीत हार्ट फेल्युअरच्या रुग्णांचं सरासरी वय साठीच्या आसपास निघालं, पाश्चात्त्य देशांपेक्षा सुमारे दहा वर्षांनी कमी. आपल्याकडे वर रक्तक्षय, चुलीच्या धुरानं खराब झालेली फुप्फुसं आणि संधिवाताच्या तापानं बिघडलेल्या झडपा. आपल्या रेषा आपल्याच माणसांच्या रक्तावरून तपासायला हव्यात, आणि मराठवाड्यात हे काम घाटीनं हाती घ्यावं.

निदान लवकर झालं तर उपचार आहेत. स्पायरोनोलॅक्टोन जुनं आणि स्वस्त. डापाग्लिफ्लोझिनही आता जेनेरिक मिळतं. त्यामुळे ग्रामीण रुग्णालयात ईसीजीच्या जोडीला ही चाचणी मोफत असावी, असा आग्रह आरोग्य खात्याकडे धरावा लागेल.

घरात कुणाला दम लागत असेल आणि पायही सुजत असतील, तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा: हृदयासाठी एनटी-प्रोबीएनपी करायची का? मात्र नुसत्या आकड्यावर चालू गोळ्या बंद करू नका.