वाढीव वॉरंटी : घ्यावी की नको?

दसरा-दिवाळी जवळ आली की बहुतेक घरांत एखादी मोठी वस्तू घ्यायचे ठरते. फ्रिज किती लिटरचा, वॉशिंग मशीन वरून कपडे टाकायचे की समोरून, यावर महिनाभर चर्चा चालते. चार दुकानांत भाव विचारले जातात. पाचशे रुपये कमी करून घेण्यासाठी घासाघीस होते. सगळे ठरते आणि बिल करायच्या वेळी सेल्समन सहज विचारतो, ''ताई, एक्स्टेंडेड वॉरंटी टाकू ना? तीन वर्षांचे फक्त तीन हजार. दिवसाला तीन रुपयेसुद्धा पडत नाहीत.'' नवराबायको एकमेकांकडे पाहतात. 'एवढे घातलेच आहेत, उगाच धोका कशाला?' असे म्हणून मान हलवतात.

ज्या गृहिणीने पाचशे रुपयांसाठी अर्धा तास घालवला, तिचे तीन हजार रुपये असे एका मिनिटात जातात. सेल्समनचा हिशेब खोटा नसतो. तीन हजारांना तीन वर्षांच्या दिवसांनी भागले, तर रोजचे पावणेतीन रुपयेच येतात. पण ते रोज द्यायचे नसतात, आज एकरकमी द्यायचे असतात. हप्त्याने खरेदी असेल तर ही रक्कमही हप्त्यात मिसळून जाते आणि डोळ्यांआड होते. म्हणूनच ही वस्तू फ्रिजइतकीच पारखून घ्यायला हवी.

ही नेमकी कशाची खरेदी?

वाढीव वॉरंटी म्हणजे दुरुस्तीच्या खर्चाची आगाऊ दिलेली रक्कम. वस्तू बिघडली तर फायदा, नाही बिघडली तर पैसे गेले. कंपनीची मूळ वॉरंटी वस्तूच्या किमतीतच धरलेली असते. वाढीव वॉरंटी ती संपल्यानंतर सुरू होते. इथेच पहिला घोटाळा होतो. 'तीन वर्षांची वॉरंटी' म्हणजे मूळ एक आणि वाढीव दोन, की मूळ एक आणि त्यावर आणखी तीन? हे बिलावर स्पष्ट लिहून घेतले पाहिजे. नाहीतर जे एक वर्ष फुकट मिळणारच होते, त्याचाही हिशेब पैसे देऊन घेतलेल्या मुदतीत केला जातो.

दुकानदार एवढा आग्रह का करतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. टीव्ही, फ्रिजच्या विक्रीत स्पर्धा फार, त्यामुळे त्यांवर सुटणारा नफा बेताचा असतो. वाढीव वॉरंटीवर तो बराच जास्त असतो. बऱ्याच दुकानांत सेल्समनला त्याचे वेगळे कमिशन मिळते. तो आपले काम करतो आहे, ग्राहकाने आपले करावे.

वस्तू बिघडते केव्हा?

विजेच्या उपकरणांचे साधारण असे असते : कारखान्यातच काही दोष राहिला असेल तर तो पहिल्या काही महिन्यांत दिसतो. त्यानंतरची काही वर्षे शांत जातात. मग भाग झिजतात आणि म्हातारपणाची दुखणी सुरू होतात. पहिला काळ कंपनीच्या वॉरंटीत येतो. म्हातारपण बहुधा वाढीव वॉरंटी संपल्यावर येते. म्हणजे पैसे मोजून घेतलेली मुदत नेमकी मधल्या, सर्वांत कमी दुखण्याच्या काळात पडते. विकणाऱ्यांना ती परवडते ती याचमुळे.

शिवाय अनेक फ्रिज, एसी आणि वॉशिंग मशिनांच्या कॉम्प्रेसरला किंवा मोटरला कंपनी मूळचीच दहा-दहा वर्षांची वॉरंटी देते. मात्र ही मोठी अक्षरे वाचून हुरळून जाऊ नये. ती वॉरंटी बहुतेकदा फक्त त्या भागाची असते. मेकॅनिकची फी, गॅस भरण्याचा खर्च आणि मुख्य म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट, ज्याला मेकॅनिक 'पीसीबी' म्हणतात, ते त्यात धरलेले नसते. इन्व्हर्टर पद्धतीच्या यंत्रांत हे सर्किटच महाग असते आणि विजेच्या चढउतारात तेच आधी जाते. तेव्हा वाढीव वॉरंटी घेताना पहिला प्रश्न हाच : पीसीबी यात आहे का?

घरचा हिशेब

समजा, एका घरात पाच वस्तू आहेत आणि प्रत्येकीची तीन वर्षांची वाढीव वॉरंटी घेतली. टीव्हीचे ३,५०० रुपये, एसीचे ३,५००, फ्रिजचे ३,०००, वॉशिंग मशीनचे २,५०० आणि मायक्रोवेव्हचे १,०००. एकूण १३,५०० रुपये झाले. आता समजा, या तीन वर्षांत दोन वस्तू बिघडल्या, एकीला ४,००० आणि दुसरीला ५,००० रुपये लागले. म्हणजे ९,००० रुपये. वॉरंटी न घेता तेच पैसे बाजूला ठेवले असते, तर दोन दुरुस्त्या होऊनही ४,५०० रुपये शिल्लक राहिले असते. आकडे प्रत्येक घरात वेगळे असतील, पण आपल्याच घरातल्या गेल्या पाच-सहा वर्षांच्या दुरुस्त्या आठवून हा हिशेब कुणालाही मांडता येईल.

एकेका वस्तूपुरता विचार करायचा तर त्याहून सोपी रीत आहे. तीन हजारांची वॉरंटी आणि सहा हजारांची संभाव्य दुरुस्ती असेल, तर अशी दुरुस्ती निघण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असली तरच सौदा फायद्याचा. मिक्सर, इस्त्री, पंखा, टोस्टर यांचा तर विचारच नको. त्यांची दुरुस्ती कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन थोडक्यात करून देतो.

मग कुणी घ्यावी?

वाढीव वॉरंटी सगळ्यांनाच निरुपयोगी आहे, असे नाही. जिथे एकच भाग गेला तर वस्तूच्या निम्म्या किमतीचा फटका बसतो, तिथे ती विचारात घ्यावी. मोठ्या टीव्हीचा पॅनेल हे त्याचे ठळक उदाहरण. वर मांडलेल्या हिशेबात पॅनेल गेला असता, तर साठवलेले पैसे एका फटक्यात संपले असते. पण लक्षात ठेवावे, पॅनेल आपोआप निकामी होणे वेगळे आणि मुलांचा चेंडू लागून फुटणे वेगळे. फुटतूट साध्या वाढीव वॉरंटीत येत नाही. तिचे संरक्षण वेगळे आणि वेगळ्या किमतीचे असते.

दुसरे, ज्या घरात एकदम आठ-दहा हजार रुपये उभे करणे म्हणजे कुणापुढे हात पसरणे, त्या घराला आज थोडे देऊन उद्याची धास्ती टाळणे शहाणपणाचे ठरू शकते. बाजूला काढलेले पैसे पाहुण्यांत किंवा शाळेच्या फीमध्ये संपून जातात, असा अनुभव असेल, तर तोही प्रामाणिकपणे धरावा.

तिसरे, घरात वयस्कर आईवडील एकटेच राहत असतील आणि मुले दूरच्या शहरात किंवा परदेशात असतील, तर प्रश्न फक्त पैशाचा राहत नाही. एका फोनवर कंपनीचा माणूस घरी यावा, त्याने किती मागितले यावर वाद होऊ नये, हे समाधान मोलाचे असते. पण अशा वेळी खुद्द कंपनीचीच योजना घ्यावी आणि त्या गावात कंपनीची सर्व्हिस आहे का, हे आधी पाहावे.

पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा हिशेब निराळा आहे. त्याचे फिल्टर ठरावीक काळाने बदलावेच लागतात. तिथे 'बिघडेल का?' हा प्रश्न नसून वर्षाला फिल्टर, मेम्ब्रेन आणि मेकॅनिकच्या फेऱ्या यांचा खर्च किती, हा आहे. तो वार्षिक करारापेक्षा जास्त होत असेल तर करार घ्यावा.

देणारा कोण?

वाढीव वॉरंटी तीन तऱ्हेच्या लोकांकडून मिळते : वस्तू बनवणारी कंपनी, दुकान किंवा दुकानांची साखळी आणि तिसरीच एखादी संस्था. बिलावर दुकानाचे नाव असले तरी सेवा देणारा दुसराच असू शकतो. कंपनीची असेल तर मूळ सुटे भाग आणि तिचाच मेकॅनिक मिळण्याची शक्यता जास्त. दुकानाची असेल तर दुकान तीन वर्षे टिकेल का, हा विचार आला. तिसऱ्या संस्थेची असेल तर कागद आणखी बारकाईने वाचावा.

कागदात मुख्यतः पुढील गोष्टी पाहाव्यात :

वगळलेले काय : प्लॅस्टिकचे, रबराचे आणि काचेचे भाग, रिमोट, गॅस, गंज, उंदीर-झुरळांनी केलेले नुकसान, वीज पडणे आणि व्होल्टेजचा चढउतार, यांतले बरेच काही वगळलेले असते. कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ राहणाऱ्यांनी गंजाचे कलम जरूर वाचावे. खाऱ्या हवेत एसीच्या बाहेरच्या युनिटला तोच मोठा शत्रू असतो. ज्या गावात वीज सारखी कमीजास्त होते, तिथे व्होल्टेजचे नुकसान वगळणाऱ्या वॉरंटीपेक्षा चांगला स्टॅबिलायझर जास्त उपयोगी.

भरपाई कशी : दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर नवी वस्तू मिळणार की घसारा कापून पैसे? घसारा असेल तर दर वर्षी किती टक्के?

कोणत्या शहरांत : बँक, रेल्वे, सैन्य किंवा केंद्र सरकारच्या नोकरीतल्या कुटुंबांसाठी हे फार महत्त्वाचे. नागपूरच्या दुकानाने दिलेली वॉरंटी भोपाळला किंवा हैदराबादला बदली झाल्यावर चालेल का, हे पैसे देण्यापूर्वीच लेखी घ्यावे. वस्तू विकली तर वॉरंटी नव्या मालकाच्या नावे होते का, हेही विचारावे.

घाई कशाला?

'आत्ताच घ्या, नंतर मिळणार नाही' हे वाक्य नेहमी खरे नसते. काही कंपन्यांची वाढीव वॉरंटी मूळ मुदत संपण्याआधी केव्हाही घेता येते. तसे असेल तर वर्षभर वस्तू वापरावी, तिची वागणूक पाहावी आणि अकराव्या महिन्यात ठरवावे. सणासुदीला काही कंपन्या नाव नोंदवल्यावर जादा मुदत फुकटही देतात. फुकट मिळणारी गोष्ट विकत घेतली जाऊ नये, म्हणून आधी चौकशी करावी.

वाढीव वॉरंटी घेतल्याशिवाय वस्तू देणार नाही, असे दुकानदाराला म्हणता येत नाही. एका वस्तूसाठी दुसरी घेण्याची सक्ती ही ग्राहक संरक्षण कायद्यानुसार निर्बंधित व्यापारी प्रथा ठरते. इंटरनेटवरून खरेदी करताना पैसे भरण्याआधी यादी पुन्हा वाचावी. ग्राहकाच्या संमतीशिवाय जादा वस्तू किंवा सेवा बिलात घुसडण्यास ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे.

वाद झालाच तर

वॉरंटी घेतली नाही म्हणजे ग्राहक उघडा पडला, असे नाही. १९८६ च्या कायद्याची जागा घेणारा २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. सदोष वस्तू आणि सेवेतील त्रुटी, दोन्हींविरुद्ध त्यात दाद मागता येते. पैसे घेऊन वाढीव वॉरंटीची सेवा न देणे ही त्रुटीच. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही आणि वकील लावण्याची सक्ती नाही. वस्तू पुण्यात घेतली आणि कुटुंब आता इंदूरला राहते, तर इंदूरच्या जिल्हा आयोगाकडेही जाता येते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करून पाहावा. बरेचदा तिथूनच काम होते.

या सगळ्याला आधार हवा तो कागदाचा. पक्के बिल घ्यावे. ते न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिघाडाची तक्रार नुसती फोनवर न करता तिचा नंबर, तारीख आणि मेकॅनिकने दिलेला कागद जपून ठेवावा. वॉरंटीच्या काळात लेखी केलेल्या तक्रारीबद्दल नंतर 'मुदत संपली' म्हणून हात झटकणे कंपनीला सोपे जात नाही. बिलाची शाई वर्षभरात उडते, म्हणून त्याची एक झेरॉक्स काढावी किंवा फोटो घ्यावा.

आणि वाढीव वॉरंटी घ्यायची नाही असे ठरले, तर एक काम मात्र त्याच आठवड्यात करावे. वाचलेले तीन हजार रुपये घरखर्चात मिसळू न देता 'दुरुस्ती' या नावाने वेगळे ठेवावेत. बँकेत छोटी आवर्ती ठेव उघडली तर उत्तम. फ्रिज बिघडला तर त्यातून, पंखा बिघडला तरी त्यातूनच खर्च करावा. या पैशाला वगळलेल्या भागांची यादी नसते, मुदत नसते आणि बदलीच्या गावीही तो बरोबर येतो. पाच वर्षांत काहीच बिघडले नाही, तर तो पुढच्या खरेदीला कामी येतो.