माइंड मॅप काढा, पण पुस्तक मिटून

बारावी आणि नीटच्या अभ्यासात सध्या रंगीत माइंड मॅपची चलती आहे. मधोमध विषय, भोवती फांद्या आणि फांदीवर एकेक शब्द. ब्रिटनच्या टोनी बुझान यांनी १९७४ मधील बीबीसीच्या मालिकेतून हे तंत्र लोकप्रिय केले. त्याने डावा आणि उजवा मेंदू एकत्र कामाला लागतो, या दाव्याला शास्त्रीय आधार नाही. तंत्राचा उपयोग होतो, पण वेगळ्या कारणाने.

एका वेळी मनात चार-पाचच सुट्या गोष्टी राहतात. त्यांचे गट बांधले की ओझे हलके होते. रक्तक्षयाचे (अ‍ॅनिमियाचे) उदाहरण पाहा. त्याच्या कारणांची यादी लांबलचक आहे, पण मुख्य फांद्या तीनच: रक्त कमी तयार होणे, रक्त वाहून जाणे आणि तांबड्या पेशी वेळेआधी फुटणे. पहिलीवर लोह व ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. दुसरीवर पाळीतील अतिस्राव, मूळव्याध, अंकुशकृमी. तिसरीवर सिकलसेल, मलेरिया. कोणते कारण कोणत्या फांदीवर, हे ठरवण्यासाठी विषय समजावाच लागतो. खरा अभ्यास तोच.

म्हणूनच विकत मिळणारे किंवा मोबाइलवर फिरणारे तयार नकाशे फारसे कामाचे नाहीत. दुसऱ्याच्या जेवणाने आपले पोट भरत नाही.

पुस्तक समोर ठेवून केलेली नक्षीही पुरेशी नाही. कार्पिक आणि ब्लंट यांचा अभ्यास २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. मजकूर समोर ठेवून संकल्पनांचे नकाशे काढणाऱ्यांपेक्षा, तो बाजूला ठेवून आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर अधिक आठवले. म्हणजे स्मरणशक्तीला व्यायाम घडतो तो आठवण्याने.

दोन्हींचा मेळ घालता येतो. धडा वाचावा, पुस्तक मिटावे आणि कोऱ्या कागदावर आठवेल तसा नकाशा काढावा. मग पुस्तक उघडून राहिलेले मुद्दे वेगळ्या शाईने भरावेत. दोन-तीन दिवसांनी पुन्हा कोरा कागद घ्यावा. पहिल्या खेपेस निम्मा कागद रिकामा राहिला तरी मुलांनी खचू नये आणि पालकांनी रागावू नये. काय येत नाही, हे परीक्षेआधी कळलेले बरे.

मात्र यासाठी रात्री जागवू नयेत. शिकलेले पक्के होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो. रंगांच्या पेटीपेक्षा मुलांना शांत झोपेची गरज अधिक आहे.